आप्पांच्या खोलीतली वायर

ती पेटी अजून माझ्याकडे आहे. करड्या रंगाची, पत्र्याची, पोळपाटाहून थोडी लांब, आणि पुढच्या अंगाला चोवीस चौकोनी भोकं. संस्थेनं ती भंगारात काढली तेव्हा मी उचलून घरी आणली. येणारे-जाणारे विचारतात, हे काय? मी सांगते, हा नेटवर्कचा स्विच. एका कॉलेजातल्या चोवीस वायरी यात खोचलेल्या असायच्या आणि त्यातून सगळे कॉम्प्युटर एकमेकांशी बोलायचे. पाहुणे 'अच्छा' म्हणतात आणि चहाकडे वळतात. बरं करतात. त्यांनी आणखी विचारलं असतं तर मला सांगावं लागलं असतं की या पेटीपायी मला शाल आणि नारळ मिळाला, आणि एका माणसाला केंदूर मिळालं.

त्या वेळी मी बावीस वर्षांची होते आणि अख्ख्या शिरूर तालुक्यात माझ्याइतकं हुशार कुणी नाही अशी माझी प्रामाणिक समजूत होती. माझे अब्बा दौंडला रेल्वेत फिटर. आमच्या रेल्वे कॉलनीतल्या मुली शिवणाच्या क्लासला जायच्या, तेव्हा मी रोज गाडीनं पुण्याला जाऊन कॉम्प्युटर उघडायला आणि परत जोडायला शिकत होते. त्यामुळे कॉलनीत कुणाचाही रेडिओ, मिक्सर किंवा इस्त्री बिघडली की ती आमच्या दारात येऊन पडायची, कारण लोकांच्या मते वायर ती वायर. त्यातल्या निम्म्या वस्तू मी दुरुस्त केल्या आणि उरलेल्या निम्म्या कायमच्या बंद पाडल्या, पण बोलबाला पहिल्या निम्म्यांचाच झाला. आपल्याबद्दलचं चांगलं ऐकून घ्यायला मला तेव्हा भरपूर वेळ असे. मग शिरूरच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंटची जागा निघाली, ती मला मिळाली, आणि मी ट्रंक घेऊन खालाकडे, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीकडे, राहायला गेले.

खालाचा नवरा, माझे खालू, गाद्या भरायचे. घराच्या खालच्या मजल्यावर कापूस पिंजायचं मशीन आणि वर आम्ही. सकाळी आठला मशीन सुरू झालं की मांडणीवरची भांडी थरथरायला लागत आणि कापसाची बारीक लव जिन्यानं वर येई. ती केसांत, उशीवर, मसुराच्या आमटीत, सगळीकडे. बाजरीच्या भाकरीवर उतरली की पीठ कुठलं आणि कापूस कुठला हे सांगता येत नसे, आणि ते सांगण्याची गरजही कुणाला वाटत नसे. मशीनच्या वरताण बोलायची सवय लागल्यामुळे खाला शुक्रवारी, मशीन बंद असतानाही, ओरडूनच बोलायची. त्या दिवशी डालचा, म्हणजे मटण घातलेली आंबट डाळ, रटरटत असायचा, जिन्यावर चिंचेचा आणि गरम मसाल्याचा वास भरलेला असायचा, आणि खालाचे खासगी सल्ले गल्लीच्या टोकापर्यंत पोचलेले असायचे. माझ्या नोकरीबद्दलचा तिचा खासगी सल्ला असा होता की मान खाली घालून राहायचं आणि कुणाच्या अध्यात ना मध्यात पडायचं. कॉलेज चालवणारी संस्था बागायतदारांची आहे, आपण तिथे पाहुणे आहोत. गल्लीनं हा सल्ला इतक्यांदा ऐकला की कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा मला जाता-येता विचारायला लागला, "काय ताई, मान खाली हाय ना?"

संस्था बागायतदारांची होती हे खरं. अध्यक्ष होते आबा आणि उपाध्यक्ष आप्पा. दूध संघ म्हणा, सोसायटी म्हणा, दोघं सगळीकडे शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून एकमेकांकडे न बघण्यात तरबेज झाले होते. आबांच्या केबिनमध्ये जे येईल ते आठ दिवसांत आप्पांच्या खोलीत यायलाच हवं असा नियम होता, तो कुठे लिहिलेला नसला तरी लिहिलेल्या सगळ्या नियमांपेक्षा कडक पाळला जाई. आबांना फिरती खुर्ची आली, आप्पांना आली. आबांच्या टेबलावर काचेचा एक पेपरवेट आला, आप्पांच्या टेबलावर दोन. कॉम्प्युटर तेवढा आप्पांनी घेतला नव्हता, कारण तो समोर असला की कुणीतरी त्यातून काहीतरी काढून दाखवायला सांगतं, आणि आबांची त्यामुळे होणारी फजिती ते डोळ्यांनी बघत होते. आबा रोज सकाळी कॉम्प्युटरच्या पडद्याला हात जोडत आणि मग दिवसभर त्याच्याकडे पाठ करून बसत.

या दोघांच्या मध्ये धावणारे शिपाई म्हणजे किसनमामा. पन्नाशीकडे झुकलेले, पांढरी टोपी, आणि नीटनेटकेपणाचं वेड असं की वर्तमानपत्राची घडीसुद्धा कडेला कड जुळवून घालत. अकरा वर्षं रोजंदारीवर होते. त्यांना कायम करण्याचा ठराव पुढच्या बैठकीत येणार असं ते गेली चार वर्षं ऐकत होते, पण या खेपेला तो खरोखर कागदावर उतरला होता. मीच टाइप केला होता. त्या कागदाचं त्यांना कळलं तेव्हापासून ते माझ्या टेबलावर पाण्याचा ग्लास झाकण घालून ठेवायला लागले. माझ्या वडिलांच्या वयाचा माणूस मला मॅडम म्हणायचा, तेही 'म्याडम', आणि मला त्याचा संकोच वाटायच्या ऐवजी गार वाटायचं.

त्या वर्षी विद्यापीठाची समिती येणार होती. आमचा कॉम्प्युटरचा कोर्स पुढे चालू ठेवायचा की नाही ते ती ठरवणार होती. लॅबमध्ये तोवर एक जुना हब होता. हब ही मूर्ख वस्तू. एकानं काही सांगितलं की ती ते सगळ्यांना ओरडून सांगते, आणि वीस जण एकदम बोलायला लागले की कुणाचंच कुणाला कळत नाही. स्विच जरा शहाणा. कुठल्या भोकापलीकडे कोण राहतं हे तो ध्यानात ठेवतो. पहिल्यांदा कुणाच्या नावाची चिठ्ठी आली की पत्ता ठाऊक नसल्यामुळे तोही दारोदार विचारत फिरतो, पण एकदा उत्तर आलं की पुढची चिठ्ठी थेट त्याच दारात. मात्र चिठ्ठीवर 'सर्वांसाठी' असं लिहिलेलं असेल तर ज्या दारातून आली ते सोडून बाकी सगळ्या दारांत ती टाकायची, हा त्याचा धर्म. हे वाचणाऱ्यानं ध्यानात ठेवावं, कारण पुढे घात झाला तो या धर्मापायी.

मी आबांना सांगितलं, गिगाबिटचा स्विच घेऊ. जुना हब शंभरच्या वेगाचा होता, हा हजारचा. आबांना बाकी काही कळलं नाही, पण आकडा फार आवडला. आपल्या मशीनमधली नेटवर्कची कार्डं शंभरचीच आहेत आणि स्विच समोरच्याची चाल बघून स्वतः हळू होतो, त्यामुळे हजारचा स्विच आपल्याकडे शंभरनंच चालेल, हेही मी प्रामाणिकपणे सांगितलं. आबा म्हणाले, "असू दे की. बैलगाडीच्या रस्त्याला पण डांबर टाकतोच आपण." पेटी आली, जोडली, आणि तिच्यावरचे दिवे लागले. शंभरच्या वेगाला पिवळा दिवा, हजारला हिरवा. सगळे पिवळे लागले, एकच हिरवा लागला आणि तो नेमका ऑफिसातल्या क्लार्कचा, कारण त्याचं मशीन नवं होतं. आबा पेटीसमोर हात मागे बांधून बराच वेळ उभे राहिले. दुसऱ्या दिवशी क्लार्कचं मशीन आबांच्या केबिनमध्ये गेलं आणि आबांचं जुनं क्लार्ककडे आलं.

पण हे पुढचं. आधी पेटीची पूजा झाली. किसनमामांनी नारळ फोडला, आप्पांनी झेंडूचा हार घातला तो बरोबर हवा जायच्या जाळीवर, आणि कुंकवाचं बोट भोकात जायच्या आत मी पेटी मागे ओढली. मग कोणाची वायर कुठल्या भोकात, हा प्रश्न निघाला. मी सांगितलं की सगळी भोकं सारखीच असतात. आबा माझ्याकडे बघून हसले, लहान मुलाकडे बघून हसावं तसे. म्हणाले, "सगळी सारखी असती तर कंपनीनं नंबर कशाला टाकले असते?" झालं. लग्नात पंगतीत कोण कुठे बसणार याची यादी करावी तशी यादी झाली. एक नंबर आबांचा कॉम्प्युटर. दोन नंबर आबांचा प्रिंटर. मग प्राचार्य, मग ऑफिस, आणि शेवटी लॅब.

यादी वाचून होताच आप्पा उठून गेले. दुपारी त्यांनी मला खोलीत बोलावलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: आबांच्या भिंतीला वायरीची दोन सॉकेटं आणि माझी भिंत कोरी, हे बरं दिसत नाही. आप्पांच्या खोलीत कॉम्प्युटर नव्हता, प्रिंटर नव्हता, फोनसुद्धा बाहेरून आलेला घ्यायचा तेवढा. मी मान डोलावली. वायरिंगचं काम आबांच्या भाच्याकडे होतं. त्यानं खुशीनं आणखी दोन वायरी ओढल्या आणि स्विचच्या तीन आणि चार नंबरात खोचल्या. प्राचार्य पाचावर सरकले. चोवीसपैकी दोन आबांची, दोन आप्पांची, एक प्राचार्यांचं, एक ऑफिसचं, म्हणजे लॅबला अठरा उरली. लॅबमध्ये मशीन वीस. उरलेली दोन मशीन मी कोपऱ्यात सरकवली आणि त्यांच्यावर चांगली कापडी आच्छादनं घातली.

दोन दिवसांनी आप्पांनी पुन्हा बोलावलं. आता सॉकेटं होती, पण त्यांत काही खोचलेलं नव्हतं. "बिऱ्हाड नसलेल्या खोलीवानी वाटतंय," ते म्हणाले. "एकादी वायर दिसू द्या की." त्या क्षणी एक वाक्य पुरेसं होतं: आप्पा, याला काही जोडायचंच नाही तर वायर कशाला? हे वाक्य मला येत होतं. त्याच्याऐवजी मी मीटरभराची निळी वायर आणली, एक टोक एका सॉकेटात खोचलं आणि दुसरं त्यांच्या टेबलावर दोन पेपरवेटांच्या मधोमध ठेवलं. आप्पा खूश झाले. मीही खूश झाले, कारण मला वाटलं की मोठ्या माणसांना कसं हाताळावं हे मला जमायला लागलं. आज आरशात पांढरे केस दिसतात तेव्हा मला त्या मुलीची मुळीच दया येत नाही.

समितीच्या आदल्या दिवशी दुपारी मी किसनमामांना घेऊन सगळीकडे फिरले. खुर्च्यांच्या पायांत वायरी होत्या, टेबलांखाली वायरी होत्या. मी कमरेवर हात ठेवून सूचना दिल्या. मामा, उद्या एकही वायर लोंबकळता दिसता कामा नये. मोकळं टोक दिसलं की जवळच्या सॉकेटात खोचून टाकायचं. मामांनी वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं, विसरायला नको म्हणून. मग ओल्या फडक्यानं त्यांनी लॅबमधली एकेक वायर पुसली आणि सुतळीनं इतकी सुबक बांधली की तशी मी आजतागायत कुणी बांधलेली बघितली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळं सुरळीत होतं. समितीचे तिघं जण अकराच्या सुमारास आले आणि आबांच्या केबिनमध्ये चहाला बसले. पोह्यांच्या बश्या मांडायला किसनमामा आप्पांच्या खोलीत गेले होते. मी लॅबमध्ये स्विचसमोर उभी होते, आणि एकाएकी पेटीवरचे सगळे दिवे एका तालावर फडफडायला लागले. एरवी ते आपापल्या मर्जीनं लुकलुकत. आता सगळे एकदम, थांबायचं नाव नाही. लॅबमधली अठराच्या अठरा मशीन गपगार. आबांच्या केबिनमधून निरोप आला की पडद्यावरचं काही हलत नाही. मी पेटी बंद करून चालू केली. दोन मिनिटं बरं चाललं, पुन्हा तेच. आबांचा भाचा आला आणि म्हणाला, पुन्हा बंद-चालू करा. पुन्हा केली. प्राचार्य आले, त्यांनीही हेच सुचवलं. त्या दिवशी कॉलेजातल्या प्रत्येक शिकलेल्या माणसाला एकच उपाय ठाऊक होता आणि प्रत्येकानं तो स्वतः शोधल्यासारखा मला सांगितला.

मला खरं शिकवलेलं हे होतं की अशा वेळी एकेक वायर काढत जायची, ज्या वायरीला हात लावल्यावर दिवे शांत होतील तिथे रोग. मी काढायला सुरुवात केली चोवीस नंबरापासून. चोवीस, तेवीस, बावीस, असं लॅबचं एकेक मशीन काढत आणि परत लावत खाली आले. मध्ये समिती दारात येऊन उभी राहिली, गोठलेल्या पडद्यांकडे बघितलं आणि ग्रंथालय बघायला निघून गेली. ऑफिसची वायर काढली, प्राचार्यांची काढली. मग थांबले. पुढे चार, तीन, दोन, एक. आप्पांच्या आणि आबांच्या वायरीला न विचारता हात लावायचा माझा धीर झाला नाही. त्या मानाच्या वायरी. त्यांच्यात बिघाड असेल हे माझ्या डोक्यातच शिरेना. मी पुन्हा चोवीसवर गेले आणि पुन्हा खाली आले. अशी चाळीस मिनिटं गेली.

शेवटी घाम पुसायला मान वर केली तेव्हा दिसलं. तीन आणि चार नंबरांवर दिवे लागले होते. हे दिवे लागायलाच नको होते, कारण त्या वायरींच्या टोकाला काही नव्हतं. आणि दोन्ही हिरवे. मी धावत आप्पांच्या खोलीत गेले. टेबल लख्ख पुसलेलं, बश्या ओळीनं मांडलेल्या, आणि निळ्या वायरीचं मोकळं टोक शेजारच्या सॉकेटात व्यवस्थित खोचलेलं, मधला फास सुतळीनं बांधलेला. स्विचच्या तीन नंबरातून निघालेली प्रत्येक 'सर्वांसाठी' चिठ्ठी या खोलीतून वळसा घालून चार नंबरातून परत येत होती, आणि स्विच ती नवी समजून पुन्हा सर्वांना वाटत होता. जुन्या हबाच्या काळात अशी साधी वायर लावली असती तर जुळलीच नसती. ही नवी पेटी समजूतदार, कशीही वायर खोचा, जुळवून घेते. जुळवून घेण्याइतकी शहाणी, पण आपण काय जुळवलं हे कळण्याइतकी नाही. याबाबतीत आमचं दोघींचं चांगलं जमायला हवं होतं. हजारचा वेग आमच्या कॉलेजात दोन ठिकाणी दिसला, एक आबांच्या नव्या मशीनला आणि दुसरा आप्पांच्या रिकाम्या वायरीला.

मी ती उपटली. लॅब जिवंत झाली. पण समिती तोवर गाडीत बसली होती, आणि जाताना शेरा लिहून गेली होती: नेटवर्क असमाधानकारक, पुन्हा तपासणी करावी, जबाबदारी निश्चित करून कळवावे.

जबाबदारी निश्चित करायला आम्ही आबांच्या केबिनमध्ये जमलो. आबा, आप्पा, प्राचार्य, मी, आणि चहाचा ट्रे धरून भिंतीशी किसनमामा. आबांनी मला विचारलं, नेमकं काय झालं. मी सांगितलं की आप्पांच्या खोलीतल्या वायरीचं दुसरं टोक कुणीतरी शेजारच्या सॉकेटात घातलं. यातला शब्दन् शब्द खरा होता. 'कुणीतरी' हा तर विशेष खरा. ती वायर तिथे का होती, सॉकेटं दोन का होती, मोकळं टोक खोचून टाकायचं कुणी सांगितलं होतं, हे कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

किसनमामांनी ट्रे टेबलावर ठेवला. "म्या खोचली, आबा," ते म्हणाले. "लोंबकळत व्हती." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. त्यात राग नव्हता. म्याडम आता पुढचं सांगतील, अशी वाट बघणं होतं. मी समोरच्या पेपरवेटकडे बघत राहिले.

आप्पा म्हणाले, माझ्या खोलीतल्या वस्तूला हात लावायची गरजच काय. आबा आणि आप्पांचं एकमत झालेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. लांबच्या केंदूर गावातल्या आपल्या शाळेवर शिपाई हवाच होता, तिथे किसनमामांची बदली ठरली. किसनमामांचं घर शिरूरला, बायको संधिवातानं अंथरुणाला खिळलेली, पण ते निर्णयाच्या कागदावर लिहायचं नसतं. आबांनी मला मात्र शाबासकी दिली. पोरगी हुशार आहे, म्हणाले, शोधून काढलं. संध्याकाळी प्राचार्यांनी मला ठरावाचा कागद पुन्हा टाइप करायला दिला. पहिल्या कागदावर कायम करायची चार नावं होती. मी तीन टाइप केली आणि चौथ्याच्या जागी, प्राचार्यांच्या सांगण्यावरून, माझं नाव घातलं. स्पेलिंग दोनदा तपासलं.

घरी आले तेव्हा मशीन चालू होतं. खाला भाकरी थापत होती. मी तिला सगळं सांगितलं, सगळं म्हणजे आबांना न सांगितलेलंही. खालानं तवा उतरवला, उठून जिन्याचं दार लावलं, माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "गप राहिलीस ते बरं केलंस." खालाला हळू बोलताना मी आयुष्यात तेवढ्या एकदाच ऐकलं. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला हेच सांगत आले: एकटी मुलगी, आपल्या जातीचं-धर्माचं कुणी नाही, तिथे मी काय बोलणार होते? कारण चांगलं आहे, खोटंही नाही. अडचण इतकीच की ते मला खालाच्या तोंडून नंतर मिळालं. केबिनमध्ये उभी असताना माझ्या मनात यातलं काही नव्हतं. एवढंच होतं की आपली चूक झाली हे कुणाला कळता कामा नये. मी हुशार मुलगी होते ना. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या वाण्यानं नेहमीचा प्रश्न विचारला आणि त्या दिवशी माझी मान खरोखरच खाली होती.

समिती पुन्हा आली, समाधान व्यक्त करून गेली, आणि संस्थेच्या कार्यक्रमात मला शाल आणि नारळ मिळाला. आप्पांची सॉकेटं भिंतीवर तशीच राहिली. निळी वायर मात्र आता ते कुलपात ठेवत.

पुढे दोनेक वर्षांनी केंदूरच्या शाळेला सहा कॉम्प्युटर मिळाले आणि ते जोडायला मला पाठवलं. एसटीतून उतरले तर फाटकाशी किसनमामा उभे. टोपी तशीच पांढरी. शाळेच्या आवारातल्या पालापाचोळ्याचे ढीगसुद्धा त्यांनी एका रेषेत लावले होते. त्यांनी मला पाणी दिलं, ग्लासावर झाकण घालून. बायको कशी आहे विचारलं, तर म्हणाले, गेली की मागल्या पौषात. मी आठ भोकांचा छोटा स्विच टेबलावर ठेवला आणि वायरी लावायला लागले. ते शेजारच्या बाकावर बसून बघत होते.

"म्याडम, एक इचारू का?" ते म्हणाले. "त्या दिशी म्या नेमकं काय केलं व्हतं?"

दोन वर्षांत हे त्यांना कुणीही सांगितलं नव्हतं. शिक्षा दिली होती, गुन्हा सांगायचा राहून गेला होता. मी हातातली वायर खाली ठेवली आणि त्यांना कळेल असं सांगू लागले. मामा, समजा ऑफिसातून सगळ्यांना दाखवायची नोटीस निघाली. ती तुम्ही खोलीखोलीत फिरवता. त्यात एक खोली अशी की तिला दोन दारं आहेत, आणि दोन्ही दारं ऑफिसातच उघडतात. तुम्ही नोटीस घेऊन एका दारानं आत गेलात आणि दुसऱ्या दारानं पुन्हा ऑफिसात आलात. ऑफिसातला माणूस असा की त्याला हातातली नोटीस नवीच वाटते. तो ती पुन्हा सगळ्या खोल्यांना पाठवतो.

"मंग मी पुन्यांदा तितनंच आत, आन् पुन्यांदा हापिसात."

"हो. दिवसभर."

"दुसरं काम कवा करायचं मंग?"

"होतच नाही. तेच झालं त्या दिवशी."

शिपायाचा जीव जाईल, एवढं मामा स्वतःशीच म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "आन् त्या खोलीत ऱ्हातं कोन?"

"कुणीच नाही."

"मंग तिला दोन दारं पाडली कुणी?"

इंजिनिअर लोकांना ही गोष्ट मी पुढे अनेकदा सांगितली आहे. ते हसतात आणि स्विच कुठल्या कंपनीचा होता ते विचारतात. हा प्रश्न विचारणारा एकच माणूस मला भेटला.

"मी," मी म्हणाले. "दोन्ही मीच पाडली. आणि मोकळं टोक खोचा, हेही मीच सांगितलं होतं."

त्यांनी मान हलवली, हे त्यांना आधीपासून ठाऊक असल्यासारखी. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, तिची घडी बोटांनी सारखी केली.

"हे तवा बोलला असता तर, म्याडम," ते म्हणाले.

मी खाली ठेवलेली वायर उचलून स्विचमध्ये खोचली. तास संपायची वेळ झाली होती. किसनमामांनी टोपी घातली, माझा रिकामा ग्लास उचलला आणि घंटा द्यायला गेले.